मासे सोडणारी दीक्षा

दीक्षा पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा ती नळजोडणीच्या कामावरची असावी असं मला वाटलं. खांद्यावर माणसाच्या उंचीचा पीव्हीसी पाईप, त्याच्या दोन्ही तोंडांना टोपणं, पायात रबरी चप्पल आणि डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान सोलापुरात कोर्टाजवळ आहे. तिथे लोक भाडेकरार, शपथपत्रं, वारसाचे अर्ज घेऊन येतात. पाईप घेऊन कोणी येत नाही. दुकान इतकं अरुंद की तो पाईप आडवा मावेना. शेवटी तिनं तो पंख्याची पाती चुकवून कोपऱ्यात तिरका टेकवला, त्याच्यावर एक हात ठेवला आणि म्हणाली, "काका, एक पत्र टाईप करायचंय. स्पॉन्सरशिपचं."

"कशाची स्पॉन्सरशिप?"

"मासं धरायच्या स्पर्धेची."

मी गंभीर चेहरा ठेवला. कोर्टाजवळ तीस वर्षं काढली की तो आपोआप राहतो. 'मासेमारी स्पर्धेसाठी अर्थसाहाय्य मिळणेबाबत' असं मी विषयात टाईप केलं. तिनं पडद्याकडे वाकून पाहिलं आणि बोट ठेवलं.

"मासेमारी न्हाय, काका. मारत न्हाय मी. वजन करायचं आन परत पाण्यात सोडायचं."

"मग काय लिहू?"

यावर आमचा बराच वेळ गेला. 'मत्स्यक्रीडा' तिला सर्कशीसारखं वाटलं. 'मासे पकडणे' म्हटलं तर चोर पकडल्यासारखं वाटतं म्हणाली. रांगेत शपथपत्र घेऊन उभे असलेले एक गृहस्थही सुचवू लागले. अखेर 'गळाची स्पर्धा' यावर एकमत झालं, आणि तोच शब्द पुढे तीन वर्षं माझ्या कॉम्प्युटरमधल्या तिच्या सगळ्या पत्रांत राहिला.

तिनं मजकूर वहीच्या पानावर लिहून आणला होता. पहिल्या स्पर्धेत एकही मासा लागला नाही. दुसऱ्या स्पर्धेत अकरावी आले. तिसऱ्या स्पर्धेत पहिल्या दिवशी दुसरी होते, दुसऱ्या दिवशी दोरी तुटली. चौथ्या स्पर्धेत पाचवी आले. मी म्हणालो, अगं, मदत मागायच्या पत्रात हरल्याचं कोणी लिहितं का?

"नुसतं जिंकल्यालं लिवलं तर पत्र दोन वळीचं हुतंय की," ती म्हणाली. "आन त्यास्नी कळू द्या. पैशे देनार त्ये, फसवून कशाला घ्यायचं?"

ती तेव्हा वीस वर्षांची होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वडील वायरमन. रविवारी सुट्टीच्या दिवशी ते हिप्परग्याच्या तलावावर हातदोरीनं चिलापी धरायला जायचे, ते खाण्यासाठीच. दीक्षा नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं जायची. पुढं फोनवर तिनं कुठल्याशा देशातल्या लोकांना भलामोठा मासा ओल्या गादीवर ठेवून, औषध लावून, दोन्ही हातांनी पाण्यात सोडताना पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं, असं तिची आई म्हणायची. आई मूळची मंद्रूपची. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिला हा प्रकार तेव्हा अजिबात पटला नव्हता. "बाप मासा आनतुया, लेक सोडून येतीया," ती माझ्या बायकोला सांगायची. "माज्या कालवनाचा हिशोबच लागंना." तरी घरात बुद्धमूर्तीच्या शेजारी लेकीचं पाचव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र तिनंच काच लावून ठेवलं होतं.

दीक्षाच्या सवयी सगळ्या तळ्याकाठच्या, पण त्या ती गावभर घेऊन हिंडायची. पाऊल इतकं हलकं टाकायची की मी मान वर केली की ती समोर उभी असायची आणि मी दचकायचो. पाय आपटला की काठाची माती हलते आणि मासा पळतो, म्हणून लहानपणापासून ती तशी चालत आलेली. सावली कुठं पडते ते बघून मगच उभी राहायची. आणि प्रत्येक वस्तूचा वास घ्यायची. मासा वासावर येतो, तेव्हा चारा कालवणाऱ्याचं नाक तयार पाहिजे असा तिचा हिशेब. तिच्या पिशवीत कायम काहीतरी पुड्या असायच्या. शेंगदाण्याची पेंड, भाजलेल्या डाळ्याचं पीठ, बडीशेप, इसेन्सची बाटली. माझ्या दुकानात ती येऊन गेली की तासभर मिठाईच्या दुकानासारखा वास रेंगाळायचा. एकदा माझ्या डब्यातला चिवडा तिनं नुसता हुंगला आणि म्हणाली, "काका, ह्यातलं तेल जुनं हाय." मी संध्याकाळी घरी हे बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

पत्रं वाटायला ती स्वतः जायची. ईमेल, व्हॉट्सॲप करून बघ म्हटलं तर नाही म्हणायची. "पान्याला फोन करून मासा येतुय व्हय? काठावर जाऊन बसाय लागतंय." आणि बसण्यात तर तिचा हात धरणारा कोणी नव्हता. चादरी-टॉवेलांच्या एका कारखान्यात ती गेली, त्याची हकीगत त्या कारखान्याचे हिशेबनीस झेरॉक्सला आले तेव्हा मी त्यांच्या तोंडून ऐकली. मालक भेटायला तयार नव्हते. हिशेबनीसांनी तिला नेहमीचं उत्तर दिलं, साहेब कामात आहेत, बसा. हे ऐकून माणूस अर्ध्या तासात उठतो. दीक्षा सकाळी दहाला बसली ती बसलीच. ना फोन काढला, ना चुळबुळ केली. दुपारी तिनं डबा सोडला, शिपायाला अर्धी भाकरी दिली. टायपिस्ट बाईंच्या मुलीचं कॉलेज, पहारेकऱ्याचा गुडघा, सगळ्यांची चौकशी झाली. तीन वाजता हिशेबनीस स्वतः ओशाळून म्हणाले, "ताई, कंटाळा नाही आला?"

"न्हाय की. आमाला सा-सा तास उन्हात बसायची सवय. हितं तर पंखा बी हाय."

शेवटी मालकच बाहेर आले. तेलुगू घरातले वयस्कर गृहस्थ, विणकामात आयुष्य गेलेलं. त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं. "अम्मा," ते म्हणाले, "मासा पकडायचा आणि सोडून द्यायचा. मग त्याचा उपयोग काय?"

दीक्षा म्हणाली, "तुमी रोज सकाळी चालाय जाता न्हवं?"

"जातो."

"मग कुटं पोचता?"

ऑफिसात कोणी हसावं की नाही या विचारात असताना मालकच हसले. रोख मदत त्यांनी दिली नाही. धंदा मंदा आहे म्हणाले, आणि ते खरंच असावं. पण पत्रातली एक ओळ त्यांच्या लक्षात राहिली होती, मासा कोरड्या हातानं धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि तो पुढं आजारी पडतो, म्हणून ओला कपडा लागतो. त्यांनी दोन डझन टॉवेल बांधून दिले, मऊ सुताचे, परदेशी पाठवायच्या मालातले. "माझे टॉवेल माणसांची अंगं पुसतात," ते म्हणाले, "आता मासे पण पुसू देत."

हा दीक्षाचा पहिला प्रायोजक. तिनं कारखान्याचं नाव स्वतःच्या हातानं टोपीवर दोऱ्यानं भरलं. एक अक्षर वाकडं आलं, ते उसवून पुन्हा भरलं.

त्याच वर्षी कर्नाटकातल्या एका धरणावर मोठी स्पर्धा ठरली. दोन दिवसांची, चार राज्यांतली माणसं येणार. दीक्षाला तिथं जायचंच होतं. तिथं पहिल्या तिघांत येणाऱ्याला मोठ्या तलावांवर काम मिळतं, नवशिक्यांना शिकवण्याचं, असं तिनं ऐकलं होतं. अडचण रॉडची होती, त्या पाईपात घालून ती खांद्यावर वागवायची त्या गळाच्या काठीची. तिच्या रॉडला वरच्या जोडाजवळ चीर गेली होती. तिनं तिथं दोरा गुंडाळून त्यावर डिंकासारखं काहीतरी लावलं होतं. लहान मासा निघायचा. मोठा लागला असता तर रॉड दोन तुकड्यांत हातात आला असता. स्पर्धेला तीन आठवडे होते आणि माझ्याकडून टाईप केलेली पत्रं गावात एकोणीस ठिकाणी पोचली होती. बहुतेक ठिकाणी लोक क्रिकेट आहे का विचारायचे.

तेवढ्यात एका बांधकाम कंत्राटदारांचं बोलावणं आलं. त्यांनी नवं मंगल कार्यालय बांधलं होतं. त्याच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मीही तिथं होतो. माणूस दिलदार. दीक्षाचं पत्र त्यांनी आमच्यासमोर मोठ्यानं वाचलं आणि अकरावा क्रमांक वाचून टाळी दिली. रॉड देतो, रीळ देतो, जाण्यायेण्याला गाडी देतो म्हणाले. फक्त एक करायचं. उद्घाटनाच्या आधी तलावातला मोठ्यात मोठा कटला धरायचा, दारात टांगायचा, आणि त्याच्या शेजारी दीक्षानं उभं राहायचं. "काकांनी फोटोचा वीस फुटी फ्लेक्स करायचा. खाली लिहायचं, आमच्याकडे सगळंच मोठं."

दीक्षानं चहाची बशी खाली ठेवली. "एक दिवस द्या, साहेब."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि स्टुलावर बसून राहिली. मी स्पष्टच सांगितलं, की पोरी, तुझ्या घरी रविवारी मासा शिजतो, तू चवीनं खातेस. मग एका माशानं एवढं काय बिघडतं? तिच्या वडिलांनीही हेच सांगितलं होतं.

"खायाला धरल्याला मासा येगळा," ती म्हणाली. "त्यो घरात येतुय, आई साफ करती, आमी जेवतो. ह्यो नुसता टांगायचा. वास सुटंस्तवर टांगायचा आन मग फेकायचा." कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाली, "आन पत्रात लिवलंय की, काका, सोडते म्हनून. तुमीच टाईप केलंय."

आम्ही दोघं पुन्हा त्यांच्याकडे गेलो. तिनं विचारलं, मासा नको, मी रॉड घेऊन एकटी उभी राहिले तर चालेल का? कंत्राटदार काही चिडले नाहीत. "अगं, नुसती पोरगी बघायला कोण येणार?" ते म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या, साहेब," दीक्षा म्हणाली. पुढे आलेला चहा मात्र तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप आत नेऊन ठेवला आणि मग निघाली.

ती काही ताठ मानेनं, आनंदानं परत आली असं झालं नाही. पुढचे चार दिवस ती उदास होती. दोनदा माझ्याकडे येऊन म्हणाली, "परत जाऊ का वो, काका?" दोन्ही वेळा मी जा म्हणालो. दोन्ही वेळा ती पाईप उचलून घरी गेली. मला ती वेडी वाटली होती, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

याच उदास दिवसांत ती पेंड आणायला महानंदा मावशींच्या घाण्यावर गेली. महानंदा मावशी बाजारात शेंगदाण्याचं तेल काढायच्या आणि आठ-दहा बायका हाताशी घेऊन शेंगाचटणी करायच्या. अक्कलकोटकडच्या, बोलणं अर्धं कन्नड. गळ्यात लिंग, घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. दीक्षा चार वर्षं त्यांच्याकडून पेंड नेत होती. प्रत्येक वेळी मूठभर पेंड नाकाशी धरायची आणि नको असेल तर सरळ म्हणायची, ही कालची हाय, आजची द्या. त्यामुळं मावशींचा तिच्यावर फार जीव. त्या दिवशी तिनं पेंड हुंगलीच नाही. मावशींनी माप खाली ठेवलं.

"बा यवा, हितं बस," त्या म्हणाल्या. "काय झालं? म्हस आजारी हाय काय?"

"कुटली म्हस?"

"तुजी. येवढी पेंड नेतीस, चार-पाच तरी म्हशी असतीलच की."

चार वर्षं मावशी समजत होत्या की ही पोरगी घरी म्हशी राखते, आणि हुंगून पेंड घेते म्हणजे जनावरांची किती काळजी. दीक्षाला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही आलं. मग तिनं सगळं सांगितलं. मासे, स्पर्धा, रॉडची चीर, कंत्राटदार. मावशी 'मासा' शब्द ऐकताच पदर सावरून जरा मागं सरकल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सोडतीस न्हवं? खरंच?"

"बघाय या की तुमी."

आणि रविवारी मावशी खरंच गेल्या, चटणीच्या कामावरच्या चार बायकांना घेऊन, रिक्षा करून. हे मला पुढं मावशींनीच सांगितलं, आणि सांगताना दर वेळी त्यांचे हात पसरत गेले. काठावर सतरंजी टाकून त्या तीन तास बसल्या. दीक्षानं पेंडीचे गोळे पाण्यात फेकले. काही होईना. बायका घरच्या गोष्टी बोलू लागल्या. मग एकाएकी दोरी ताणली आणि दीक्षानं सावकाश, रॉडला जपत, एक मध्यम रोहू काठाशी आणला. ओल्या टॉवेलावर ठेवला. माशाच्या तोंडातून पेंडीचा भुगा गळत होता. मावशींनी तो पाहिला.

"माजी पेंड खातंय की गं ह्ये," त्या म्हणाल्या.

दीक्षानं गळ काढला, दोन्ही तळहातांवर रोहू पाण्यात धरून ठेवला, त्याला दम येऊ दिला आणि सोडला. शेपटीचं पाणी मावशींच्या लुगड्यावर उडालं. एरवी विटाळ मानणारी बाई, पण ते पाणी त्यांनी पुसलं नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या दुकानात. स्पर्धेत दीक्षानं घालायच्या शर्टावर छापायचं डिझाईन करून द्या म्हणाल्या. पाठीवर मोठ्या अक्षरात 'महानंदा शेंगाचटणी', आणि खाली? मी म्हटलं, खाली मासा काढू का? त्या विचारात पडल्या. चटणीखाली मासा बघून गिऱ्हाईक पळालं तर? मग म्हणाल्या, "काढा. पर पळताना काढा. पान्यात परत जातानाचा." रॉड त्यांनी आणि त्यांच्या बायकांनी मिळून घेतला. पुण्याहून पार्सल आलं तेव्हा सगळ्या जणींनी घाण्यासमोर त्याला हळदकुंकू लावलं. दीक्षानं रॉडची मूठ हुंगली, आणि सगळ्या बायका हसल्या.

स्पर्धेला आई बरोबर गेली. चार राज्यांच्या पुरुषांत लेकीला एकटी कशी पाठवायची, हे कारण. मी सोलापुरात फोनजवळ. पहिल्या दिवशी दुपारी आईचा आवाज आला, "काय न्हाय वो भाऊ. चिठ्ठीत वाईट जागा आली. समद्यांस्नी लागल्यात, हिला न्हाय. पर बसलीया." संध्याकाळी, "अजून बसलीया." दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आलाच नाही. दुपारी मी लावला तर आई कुजबुजत बोलली, "आता बोलू नगा. पाचवा काढतीया." जशी काही माझ्या आवाजानं सोलापुरातून मासा पळणार होता.

दीक्षा तिसरी आली. संध्याकाळी आईनं सांगितलं ते असं: "नंबर तिसरा आला. पर पयल्या नंबरचा बाप्या सोता उठून आला आन विचाराय लागला, ताई, पेंड कुटली?" दीक्षानं शर्टाची पाठ त्याच्याकडे केली.

त्यानंतरच्या वर्षात मावशींच्या पेंडीला हैदराबाद, बेळगाव, कुठून कुठून मागणी येऊ लागली. तिची लेबलं मीच छापतो. आणि आईचं म्हणाल तर परत आल्यावर ती माझ्या बायकोला म्हणाली, "सोडताना बगाय पायजे तुमी. हातातनं जातुया न्हवं, तवा पोरीचं त्वांड बगाय पायजे."

कामाचंही खरं ठरलं. दक्षिणेतल्या एका तलावावर नवशिक्यांना शिकवायला तिला बोलावलं. जायच्या आधीच्या आठवड्यात ती दुकानात येऊन म्हणाली, "तीन वर्षं पत्रं लिवली, काका, येकदा तरी बघाय या." खरंच, मी कधी गेलोच नव्हतो. रविवारी काही ना काही निघायचं. या रविवारी मात्र हिप्परग्याच्या तलावावर गेलो.

सकाळचं ऊन होतं. काठावर कपडे धुणाऱ्या दोन-तीन बायका, एक म्हातारा शेळ्या घेऊन. दीक्षा गुडघाभर पाण्यात उभी होती. मला वाटलं होतं तास न् तास बसावं लागेल, पण मी चपला काढतोय तोवर रॉड कमानीसारखा वाकला आणि रीळ ओरडायला लागलं. काहीतरी फार मोठं होतं. ते सरळ तलावाच्या मध्यावर निघालं. दीक्षा त्याच्यामागं काठाकाठानं सरकत राहिली, कधी दोरी देत, कधी घेत, तोंडानं त्याच्याशी हळू काहीतरी बोलत. कपडे धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. म्हाताऱ्यानं शेळ्या सोडून दिल्या. किती वेळ गेला कोण जाणे, माझी मान आखडली. ते काठाच्या जवळ आलं, पाण्याखालून एक लांब लाट वळली, आणि फट्कन दोरी सैल पडली. दीक्षा मागच्या मागं चिखलात बसली.

मग म्हातारा म्हणाला, "केवढा हुता गं?"

दीक्षा कमरेपर्यंत चिखलात माखलेली, टोपी वाहत चाललेली. तिनं त्या पाण्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"बघितलाच न्हाय की मी," ती म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली, की कपडे धुणाऱ्या बायकाही हसायला लागल्या. हसतच ती उठली, टोपी पकडून आणली, काठावर मांडी घालून बसली आणि दोरीला नवा गळ बांधू लागली.